तात्यांचा प्रश्न: पिकअपला दमदार पेट्रोल इंजिन का मिळत नाही?

"संशोधनाचा प्रश्न सापडतो तरी कुठे?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मला एक प्रश्न वडूजला, बाजार समितीजवळच्या चहाच्या टपरीवर सापडला. खरं तर सापडला नाही, अंगावर आला.

माझे चुलते, तात्या, खटाव तालुक्यातला कांदा-बटाटा पिकअपमधून वाशीला नेतात. एकेका बाजूला साधारण तीनशे किलोमीटर. गाडी आता जुनी झालीय आणि दिवाळीच्या आसपास कर्ज काढून नवी घ्यायचा विचार चाललाय. गेल्या सुट्टीत गावी गेले होते तेव्हा तात्या म्हणाले, "आगं, तू एवढं इंजिनावर शिकतीस, मग मला एक सांग. वर्धनगडच्या घाटात ती पेट्रोलवरची स्कॉर्पिओ आवाज न करता मला मागं टाकून जाती. तसलं इंजिन आमच्या पिकअपला का बसवत न्हाईत?"

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं ज्वलन हा माझा पीएचडीचा विषय. त्यामुळे उत्तर तोंडावरच होतं: "तात्या, ओझं ओढायला टॉर्क लागतो, आणि तो डिझेललाच जास्त असतो."

रात्री सहज आकडे काढून बघितले आणि लाज वाटली. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे २०० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क देतं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन देतं सुमारे ७५ अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर. म्हणजे ओढ पेट्रोलचीच जास्त! माझं उत्तर तीस वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. टर्बो आणि सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणं आल्यापासून ते चुकीचं झालंय. मग पेट्रोल पिकअप नसण्याचं कारण भौतिकशास्त्रात नसेल, तर कुठे आहे? यासाठी मला इतिहासात शिरावं लागलं.

सुरुवात पेट्रोलनेच झाली होती

आपल्याकडची मालवाहू जीप जन्मतः डिझेलची होती, असं आपण धरून चालतो. तसं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती पेट्रोलची. पुढच्या सीजे-३बी जीपमध्ये 'हरिकेन' नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं: २.२ लिटर, सुमारे ७५ अश्वशक्ती, साधारण १५५ न्यूटन-मीटर. साठच्या दशकात महिंद्रने एफसी-१५० ही मालवाहू गाडी काढली. ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसायचा आणि मागे हौदा असायचा. तीही पेट्रोलवरच चालायची.

आता एक गंमत बघा. त्या काळचं हरिकेन ७५ अश्वशक्तीचं आणि आजचं पिकअपचं डिझेलही ७५ अश्वशक्तीचं. इतक्या दशकांत आपल्या पिकअपची ताकद जवळपास आहे तिथेच आहे. वाढला तो टॉर्क, आणि तोही कमी फेऱ्यांवर मिळणारा. बदललं ते इंधन. ज्याने गाडी घेतली त्याने जास्त ताकद मागितलीच नाही, स्वस्त किलोमीटर मागितला.

डिझेल आलं कसं?

१९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे इंधनाचे भाव सरकार ठरवायचं. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचं, त्यावर कर जास्त. डिझेल म्हणजे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या इंजिनाचं, ते स्वस्त ठेवायचं, असं धोरण होतं. सत्तरच्या दशकात जीपच्या बॉनेटखाली ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आलं आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं.

आपल्या भागात डिझेल रुजायला जमीनही तयार होती. औंध, म्हणजे आपल्याच खटाव तालुक्यातलं जुनं संस्थान. तिथल्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. खेड्यात वीज पोचायच्या आधी 'इंजिन' म्हटलं की लोकांना विहिरीवरचं धडधडणारं डिझेल इंजिनच आठवायचं. त्यामुळे नोझल साफ करणारा, पंप लावून देणारा मिस्त्री गावात आधीपासून होता. गाडी नंतर आली.

मग एकामागोमाग एक गाड्या आल्या. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर १९६९ पासून. 'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव, पण आपण ते सगळ्याच छोट्या मालगाड्यांना देऊन टाकलं. १९८६ साली टाटा ४०७ आली. २००५ साली टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', अवघ्या ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर उतरला. त्याची ताकद साधारण १६ अश्वशक्ती, म्हणजे एखाद्या बऱ्या मोटारसायकलपेक्षाही कमी. तरी तो तुफान चालला.

भौतिकशास्त्र किती, धोरण किती?

ही गोष्ट इथे थांबवली असती तर ती नुसती हकीकत झाली असती. संशोधन म्हणायचं तर कारणं वेगळी करून मोजता आली पाहिजेत. मी एक साधं गणित केलं. समजा, एकाच वजनाची पिकअप डिझेलवर लिटरला १४ किलोमीटर जाते आणि पेट्रोलवर ११. (हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे घालून बघा.) हा मायलेजचा फरक भौतिकशास्त्राचा आहे. डिझेल इंजिनात दाब जास्त असतो, हवा अडवणारा थ्रॉटल नसतो आणि एक लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा थोडी जास्त असते.

आता तीन वेळा भाव घालू.

मे २०१२: दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये, डिझेल ४०.९१ रुपये. किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ६.६५ आणि डिझेलचा २.९२. पेट्रोल २.२८ पट महाग.

जून २०२०: दिल्लीत करांच्या फेरफारामुळे डिझेल काही दिवस पेट्रोलपेक्षाही किंचित महाग झालं. दोन्ही ८० च्या आसपास. खर्च ७.२७ आणि ५.७१. पेट्रोल १.२७ पट महाग.

आणि हल्लीसाठी पेट्रोल १०४, डिझेल ९० धरू: ९.४५ आणि ६.४३. पेट्रोल १.४७ पट महाग.

भाव सारखे झाले तेव्हा उरलेलं १.२७ हे निव्वळ भौतिकशास्त्र. त्यावर २०१२ साली जो भार होता तो भावाचा, म्हणजे मुख्यतः धोरणाचा. २.२८ ला १.२७ ने भागा, सुमारे १.८ येतात. इंजिनाच्या गुणापेक्षा पंपावरच्या फलकाने जास्त काम केलं होतं. मी तात्यांना जे उत्तर दिलं होतं त्यात हा फलक नव्हताच.

सरकारने पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणातून सोडले. तेव्हापासून ही दरी कमी झाली. मिटली मात्र नाही.

पेट्रोल परत आलं, पण खालच्या दारातून

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले. प्रवासी गाड्यांचं उदाहरण घेऊ. डिझेलसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली, पेट्रोलसाठी ०.०८ वरून ०.०६ वर. म्हणजे पेट्रोलला एक पायरी उतरायची होती आणि डिझेलला अख्खा जिना. डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर लागला, कित्येक गाड्यांना वर युरियाचं द्रावणही लागलं. आणि इंजिन लहान म्हणून या सामानाची किंमत त्या प्रमाणात कमी होत नाही. पंधरा लाखांच्या गाडीत ती खपते, पाच लाखांच्या गाडीत टोचते.

म्हणून पेट्रोल परत आलं ते सगळ्यात लहान गाड्यांत. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली ७९३ सीसी डिझेलवर आली होती. २०२० पासून ती १.२ लिटर पेट्रोल आणि सीएनजीवर चालते. छोट्या हत्तीला २०२० मध्ये ६९४ सीसीचं, सुमारे ३० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन मिळालं. २०२५ मधल्या एस प्रोमध्ये पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि बॅटरी असे पर्याय आहेत, डिझेल नाही. १६ अश्वशक्तीच्या जागी ३० आले, ते कुणाला वेग हवा होता म्हणून नाही. धूर साफ करणं महाग झालं म्हणून.

तात्यांच्या गाडीच्या वजनगटात, म्हणजे दीड टन माल आणि वर्षाला हजारो किलोमीटर, डिझेल अजून पाय रोवून आहे. वर्षाला २४,००० किलोमीटर धरले तर वरच्या हिशेबाने पेट्रोलवर साधारण ७२,००० रुपये जास्त जातील. फिल्टरची कटकट गृहीत धरूनही ही रक्कम कुणी सोडणार नाही.

मग अमेरिकेत कसं चालतं?

हा आक्षेप माझ्या गाइडनीच घेतला. अमेरिकेत तर पिकअप म्हणजे मोठं पेट्रोल इंजिनच. तिथे संघराज्याचा कर बघा: पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. आपल्या बरोबर उलट! शिवाय तिथली पिकअप बऱ्याच घरांत कुटुंबाची मोटारही असते. आणि जिथे खरंच जड ओढायचं असतं, तिथल्या हेवी-ड्यूटी पिकअपमध्ये तेही डिझेल घेतातच.

तिथलं दमदार पेट्रोल इंजिनही निर्धास्त नाही. राम कंपनीने २०२५ च्या १५०० पिकअपमधून ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं हेमी इंजिन काढलं. जागी तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ४०० च्या वर अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन आणलं. गिऱ्हाइकांनी ओरड केली आणि २०२६ साठी हेमी परत आलं. त्या नव्या इंजिनाचं नाव काय, माहितीय? हरिकेन. आपल्या जुन्या जीपमधल्या त्या ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचंच नाव. तिकडे हे नाव ४०० च्या पुढे गेलं आणि इकडे पिकअप ७५ वर राहिली. दोन्हीकडचे इंजिनिअर एकच भौतिकशास्त्र शिकलेत. हिशेब वेगळे आहेत.

पुढे काय?

माझा अंदाज असा: दमदार पेट्रोल इंजिन आपल्याकडे हौशी, महागड्या गाड्यांत राहील. माल वाहणाऱ्या मधल्या गटात ते क्वचितच येईल. डिझेलची जागा खालून सीएनजी आणि बॅटरी खात जाईल. एक गोष्ट मात्र पेट्रोलच्या बाजूची आहे, इथेनॉल. सातारा-सांगलीच्या उसातून ते बनतं, पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळतात आणि त्याचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिनात दाब वाढवता येतो. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणजे ई-२० मध्ये लिटरमागे साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. ही तूट दाब वाढवून किती भरून काढता येईल, हाच माझ्या प्रबंधातला एक प्रश्न आहे. माझ्या विषयाच्या प्रेमापोटी पेट्रोलची बाजू उचलून धरायचा मोह होतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

तात्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक हाय, पण येताना गाडी रिकामी येती त्याचं काय धरलंस?" काहीच धरलं नव्हतं! आणि मुद्दा मोठा आहे. मोठं पेट्रोल इंजिन हलक्या ओझ्यावर चालवलं की थ्रॉटल अर्धवट मिटलेला राहतो, अडवलेली हवा ओढण्यातच इंजिनाची मेहनत जाते आणि मायलेज आणखी पडतं. म्हणजे परतीच्या वाटेवर माझं १.२७ सुद्धा वाढणार.

तेव्हापासून तात्या माझ्या सांगण्यावरून एका वहीत नोंद ठेवतायत: तारीख, जाताना किती माल, येताना किती, किती डिझेल भरलं. पहिल्या नऊ खेपांपैकी सात वेळा गाडी येताना रिकामी होती. आता मी मायलेज भरलेलं वेगळं आणि रिकामं वेगळं धरून गणित परत मांडतेय. कर्जाच्या कागदांवर सही व्हायच्या आधी ते पूर्ण करायचंय.

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ तोच. तुमच्या विषयातलं एक 'सगळ्यांना माहीत असलेलं' कारण घ्या. ते कोणत्या साली खरं होतं ते शोधा. मग त्यात निसर्ग किती आणि धोरण किती, ते एका साध्या भागाकाराने वेगळं करून बघा. आणि शेवटी ते गणित अशा माणसाला दाखवा, ज्याचे पैसे त्यात अडकलेत. तुम्ही काय धरायचं विसरलात, ते तो पहिल्या मिनिटात सांगतो.