म्हैसूरचा जावा कारखाना आणि बेंड पाइपचे माप

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात कारखान्याच्या स्थापनेची नोंद तपशीलाने होते. तो बंद पडल्यानंतर त्याच्या मालाचे काय होते, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. म्हैसूर येथील आयडियल जावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १९७३ पासून त्याच्या गाड्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जात.

या २५० सीसी टू-स्ट्रोक गाडीला सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. प्रत्येक बेंड पाइप सिलिंडरच्या तोंडाशी आट्यांच्या गोल नटाने आवळलेला असतो. पर्यायी पाइपचा बाक किंचित जरी चुकला, तरी पुढचे तोंड बसते तेव्हा मागची पकड जुळत नाही. अशा वेळी पाइप ओढून नट बळेच फिरवला जातो आणि आटे जातात. पाइप बदलता येतो. सिलिंडर मात्र लेथवर न्यावा लागतो. ही केवळ आवाजाची बाब नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात धूरमार्गातून परतणारी दाबलहर ताजे मिश्रण बाहेर निसटू देत नाही. माप चुकले की ओढ घटते, पेट्रोल वाया जाते.

२०१८ मध्ये जावा हे नाव भारतीय बाजारात परतले. तथापि त्या फोर-स्ट्रोक गाड्यांचे पाइप जुन्या सिलिंडरला उपयोगी नाहीत. कारखान्याचे साचे हाती नसताना गंजलेला मूळ पाइप हाच मापाचा विश्वसनीय दस्तऐवज होय, आणि बहुधा तोच भंगारात जातो.