टीएलबी शूटडाउन : कालबाह्य नोंद पुसण्याचा प्रश्न

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदी ठेवणारा एक छोटा, अतिवेगवान साठा असतो. त्यास ट्रान्सलेशन लुकअसाइड बफर, संक्षेपाने टीएलबी, म्हणतात. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रात एखादी नोंद कालबाह्य झाली, की ती सर्वांच्या टीएलबीतून पुसावी लागते. या क्रियेला ‘टीएलबी शूटडाउन’ ही संज्ञा आहे. हे काम दीर्घकाळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, एकट्याने केले. आता त्यातील मोठा भाग हार्डवेअरकडे जात आहे.

नोंद कशाची असते?

प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची स्वतंत्र मेमरी असल्याचा आभास कर्नेल निर्माण करते. प्रोग्राम वापरतो तो आभासी पत्ता. माहिती प्रत्यक्षात असते ती भौतिक पत्त्यावर. दोहोंची सांगड ‘पेज टेबल’ या कोष्टकात नोंदवलेली असते. मेमरीची वाटणी पानांत होते आणि सामान्यतः एक पान ४ किलोबाइटचे असते. कोष्टक चार पातळ्यांचे असल्यास एक पत्ता शोधण्यासाठी चार वेळा मेमरी चाळावी लागू शकते. ती यातायात टाळण्यासाठी प्रोसेसरचा प्रत्येक कोअर अलीकडे लागलेली उत्तरे आपल्या टीएलबीत जपून ठेवतो.

अडचण येथेच सुरू होते. कोष्टक बदलले तरी कोअरपाशी असलेले उतारे आपोआप बदलत नाहीत. मध्य प्रदेशातील सौंसर या मराठीभाषक तालुक्याच्या उदाहरणावरून हे समजून घेता येईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातून त्यात समाविष्ट झाले. सरकारदरबारी नोंद एका अधिसूचनेने बदलते; पण व्यापाऱ्याच्या वहीत, जुन्या पावतीवर, नातेवाइकाच्या डायरीत लिहिलेला ‘जिल्हा छिंदवाडा’ तसाच राहतो. तेथे जाणता पोस्टमन चूक सावरून घेतो. संगणकात असा पोस्टमन नाही. टीएलबीतील उतारा सांगेल त्याच जागी कोअर निमूटपणे जातो.

चुकीची किंमत

समजा, एका प्रोग्रामने एक पान परत केले आणि कर्नेलने ते दुसऱ्याला दिले. पहिल्या प्रोग्रामचा एखादा धागा अन्य कोअरवर चालू असेल आणि तेथे जुना उतारा शिल्लक असेल, तर तो धागा दुसऱ्याची माहिती वाचू शकतो, तीवर लिहूही शकतो. त्या पानात पासवर्ड असेल किंवा कर्नेलचे स्वतःचे कोष्टकही असेल. म्हणूनच हा प्रश्न वेगाचा होण्याआधी सुरक्षिततेचा आहे.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. २०१८ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातील जॅन हॉर्न यांनी लिनक्समधील असाच एक दोष उघड केला. मेमरीचा पट्टा एका पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवणाऱ्या ‘एमरीमॅप’ या सुविधेत कोष्टकावरील कुलूप आधी उघडले जात होते आणि टीएलबी नंतर पुसला जात होता. मधल्या क्षणात ते पान मुक्त होऊन दुसऱ्याच्या हाती जाणे शक्य होते. हा क्रम लिनक्सच्या ३.२ आवृत्तीपासून चालत आलेला होता; २०१८ मध्येच त्याची दुरुस्ती झाली.

सॉफ्टवेअरचा मार्ग

कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड ब्लॅक, रिचर्ड रशीद आणि सहकाऱ्यांनी ‘माक’ या कर्नेलसाठी वापरलेली पद्धत १९८९ मध्ये शोधनिबंधातून मांडली. तिचे सार आजही कायम आहे. कोष्टक बदलणारा कोअर संबंधित कोअरना ‘इंटर-प्रोसेसर इंटरप्ट’ म्हणजे व्यत्ययाचा संदेश पाठवतो. ते हातातले काम थांबवतात, नोंद पुसतात आणि पोच देतात. सगळ्यांची पोच येईपर्यंत पाठवणारा कोअर थांबून राहतो.

कोअर दोन-चार असतील तर हा खर्च सोसतो. शेकडो कोअर असलेल्या सर्व्हरवर मात्र प्रत्येक व्यत्ययात वेळ जातो, आणि सर्वांत संथ कोअरची पोच येईपर्यंत बाकीच्यांचे काम अडते. आभासी यंत्रांत आणखी एक पेच असतो: ज्याला संदेश गेला तो आभासी प्रोसेसर त्या वेळी चालूच नसेल, तर पाठवणाऱ्याला ताटकळावे लागते.

खर्च कमी करण्याच्या युक्त्याही आहेत. अनेक नोंदी एकत्र पुसणे, संबंध नसलेल्या कोअरना वगळणे, मोठी पाने वापरणे या त्यांपैकी काही होत. २ मेगाबाइटचे एक पान ४ किलोबाइटच्या ५१२ पानांची जागा घेते. एक्स-८६ प्रोसेसरवर लिनक्स ३३ पानांपर्यंत नोंदी एकेक करून पुसते. त्याहून अधिक असल्यास त्या प्रोग्रामच्या सर्वच नोंदी काढून टाकते.

हार्डवेअरची मदत

दुसरा मार्ग असा, की ‘ही नोंद सर्वांनी पुसावी’ असा आदेश एकाच सूचनेने प्रसारित व्हावा आणि कोअरच्या चालू कामात व्यत्यय न आणता हार्डवेअरने तो पाळावा. आयबीएमच्या मेनफ्रेम आणि पॉवर प्रोसेसरांत अशा सूचना फार पूर्वीपासून आहेत. आर्म प्रोसेसरांतही ‘टीएलबीआय’ सूचना सर्व कोअरना प्रसारित करता येते; पाठोपाठ येणारी ‘डीएसबी’ ही अडसर-सूचना काम पूर्ण होईपर्यंत पाठवणाऱ्याला थांबवते. आर्मच्या ८.४ आवृत्तीत पानांचा एक संपूर्ण पट्टा एकाच आदेशाने पुसण्याची सोयही आली.

एक्स-८६ घराण्यात एएमडीने ‘इनव्हीएलपीजीबी’ आणि पूर्ततेसाठी ‘टीएलबीसिंक’ या सूचना झेन-३ पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरांत दिल्या. लिनक्सने त्यांचा व्यापक वापर मे २०२५ मधील ६.१५ आवृत्तीपासून सुरू केला. रिक व्हान रील यांनी या कामात पुढाकार घेतला. अनेक कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामला सर्व कोअरवर समान असा ओळखक्रमांक दिला जातो, म्हणजे प्रसारित आदेश कोणत्या नोंदींना लागू आहे हे प्रत्येक कोअरला कळते. उलट रिस्क-५ च्या मूळ संचातील ‘एसफेन्स-व्हीएमए’ ही सूचना फक्त स्वतःच्या कोअरपुरती चालते; इतरांसाठी संदेश पाठवावाच लागतो.

पुण्यातील तीन टप्पे

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या वाटचालीत या प्रश्नाची तीन रूपे दिसतात. १९९१ चा ‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर उभा होता. त्यात आभासी मेमरीची यंत्रणा नव्हती आणि प्रत्येक नोडची मेमरी वेगळी होती. परिणामी शूटडाउनचा प्रश्नच उद्भवत नव्हता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक पुण्यातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. त्याचे सर्व्हर इंटेलच्या झिऑन प्रोसेसरवर बांधलेले असल्याने तेथे व्यत्ययाचा मार्गच लागू होतो. सी-डॅकने जाहीर केलेल्या ‘औम’ प्रोसेसरच्या आराखड्यात आर्मचे निओव्हर्स व्ही-१ जातीचे ९६ कोअर आहेत. प्रसारित आदेशाची सोय त्यांत अंगभूत आहे.

तथापि प्रसारणही फुकट नसते. ज्यांचा त्या प्रोग्रामशी संबंध नाही अशा कोअरपर्यंतही आदेश पोहोचतो आणि कोअरना जोडणाऱ्या मार्गावर गर्दी होते. महासंगणकात हजारो कोअर एका गणिताच्या टप्प्यावर एकमेकांची वाट पाहतात; एकाला झालेला उशीर सर्वांचा होतो. याच कारणास्तव फुजित्सूच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये लिनक्सच्या आर्म शाखेसाठी प्रसारण बंद ठेवण्याचा पर्याय सुचवला होता.

कर्नेलचे उत्तरदायित्व

हार्डवेअर संदेश पोहोचवते; कोणती नोंद, कधी आणि कोणासाठी पुसायची हे कर्नेललाच ठरवावे लागते. पान परत घेताना पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी कोष्टकातील नोंद काढावी, मग पुसण्याचा आदेश द्यावा, त्याची पूर्तता झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच ते पान दुसऱ्याला द्यावे. प्रसारणामुळे यातील तिसरी पायरी जलद होते, पण ती गाळता येत नाही. २०१८ मध्ये उघड झालेला दोष ही खात्री होण्याआधीच पान सुटण्याचा होता, आणि तसा दोष कोणतीही नवी सूचना आपोआप टाळू शकत नाही.