भूतकाळातील आंतरराष्ट्रीय गुन्हे आणि पूर्वलक्षी शिक्षेचा प्रश्न : कोनोनोव खटल्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
कृत्य घडले त्या वेळी जे कायद्याने गुन्हा नव्हते, त्यासाठी नंतर शिक्षा देता येत नाही, हे आधुनिक न्यायव्यवस्थेचे मूलतत्त्व होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० (१) मध्ये, तसेच १९५० च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या अनुच्छेद ७ मध्ये ते स्वीकारलेले आहे. मग अर्धशतकापूर्वीच्या युद्धगुन्ह्यासाठी एखाद्यास दोषी ठरविणे या तत्त्वाशी सुसंगत कसे ठरते? प्रस्तुत लेखात ‘कोनोनोव विरुद्ध लाटव्हिया’ या खटल्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

विवेचन :
२७ मे १९४४ रोजी जर्मनव्याप्त लाटव्हियातील माझिये बाती या खेड्यावर वासिली कोनोनोव यांच्या सोव्हिएत गनिमी तुकडीने जर्मन गणवेशात छापा घातला. ग्रामस्थांनी गनिमांची माहिती जर्मनांना दिल्याचा तुकडीचा संशय होता. छाप्यात नऊ ग्रामस्थ मारले गेले. त्यांत तीन स्त्रिया असून एक गरोदर होती. सोव्हिएत राजवटीने कोनोनोव यांचा गौरव केला. स्वतंत्र लाटव्हियात मात्र २००४ मध्ये ते युद्धगुन्ह्याबद्दल दोषी ठरले.

२००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी अनुच्छेद ७ चा भंग झाल्याचा निर्णय दिला. २०१० मध्ये मोठ्या पीठाने चौदा विरुद्ध तीन मतांनी तो फिरविला. १८६३ ची लीबर संहिता, १९०७ चे हेग नियम इत्यादींचा आढावा घेऊन त्याने असे प्रतिपादन केले की, अशा व्यक्तींना ठार मारणे १९४४ मध्येही युद्धगुन्हाच होता. ग्रामस्थ शत्रूचे साहाय्यक मानले, तरी त्यांना अटक करून त्यांची रीतसर न्यायचौकशी करणे आवश्यक होते. तिघा न्यायाधीशांच्या मते मात्र १९४४ मध्ये या शिक्षेला पुरेसा स्पष्ट कायदेशीर आधार नव्हता.

निष्कर्ष :
टोकियो खटल्यातील १९४८ च्या भिन्नमतपत्रिकेत न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी जेत्यांच्या न्यायावर मूलभूत आक्षेप घेतला होता. कोनोनोव खटल्यात विजयी पक्षाचाच सैनिक उत्तरदायी ठरला. परंतु त्याचे राज्य लयास गेल्यानंतर. म्हणूनच अशा खटल्यांची वैधता एकाच कसोटीवर तपासली पाहिजे : संबंधित कायदा त्या काळी खरोखर अस्तित्वात होता काय? या कसोटीचे उत्तर इतिहासाच्या साधनांतूनच मिळते. तेथे अभ्यासकाने राष्ट्राभिमानास थारा दिल्यास आरोपी आणि मृत ग्रामस्थ या दोघांवरही अन्याय होईल.