पंगतीतून उभी राहिलेली संस्था

गावात शाळा निघाली की शिक्षणाचे दार सर्वांना उघडले, असे आपल्याला वाटते. परंतु पुढची शाळा दूर शहरात असेल आणि तेथे राहायला छप्पर व खायला भाकरी नसेल, तर ते दार गरिबाच्या मुलाला बंदच राहते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी नेमके हेच ओळखले.

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, स्वतः राबत व एकाच पंगतीस जेवत. अस्पृश्यतेच्या त्या काळात हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

मात्र पंगत मांडायची तर घरात धान्य हवे. ते सरले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. १९४७ साली साताऱ्यात संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले, ते पाहण्यास त्या नव्हत्या.

आपणही विद्यार्थ्यांसाठी मंडळे काढतो. घटना लिहितो, पदाधिकारी निवडतो. त्याआधी एवढेच विचारावे : आपल्या गावातील कोणते मूल कशावाचून अडले आहे? संस्थेचा आरंभ त्या उत्तरापासून होतो.