फर्दापूरची सराई

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशाच्या बाजूस आलें म्हणजे अगदीं पायथ्याशीं फर्दापूर हें गांव लागतें. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून तें सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे. शहराच्या पश्चिमेस बजाजनगर ही कारखान्यांतील कामकऱ्यांची मोठी वसाहत आहे. तेथून सकाळीं निघालेली मोटार अडीच-तीन तासांत येथें पोंचते आणि लेण्यांच्या ओढीनें तशीच पुढें जाते. गांवांत औरंगजेबाच्या काळची मानली जाणारी एक जुनी सराई आहे. तिच्यासाठीं गाडी थांबविणारा प्रवासी विरळाच.

एके काळीं नेमकें उलट होतें. मलिकंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि १६५३ पासून तिला औरंगाबाद हें नांव मिळालें. मोगलांचें दक्षिणेंतील जुनें ठाणें बऱ्हाणपूर. या दोन शहरांमधील वाट तापी ओलांडून अजिंठ्याचा घाट चढत असे. लादलेल्या बैलांनीं दिवस कलतां घाटास लागणें म्हणजे चोरांच्या व वाघांच्या हातीं जाणें. तेव्हां रात्र पायथ्याशीं काढावयाची व उजाडतां चढण धरावयाची, हा शहाणपणाचा रिवाज. सराईची जागा कोणा बादशहाच्या लहरीनें ठरली असें म्हणण्यापेक्षां ती बैलाच्या दमानें ठरली, असें म्हणणें अधिक खरें.

त्या काळच्या वाहतुकीची कल्पना टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्याच्या वृत्तांतावरून येते. सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना, औरंगाबादेपासून पांच मजलांवर, संगमरवर वाहणाऱ्या तीनशेंहून अधिक गाड्या त्यास भेटल्या. त्यांतील लहानांत लहान गाडीस बारा बैल जुंपले होते. एवढ्या लवाजम्याला रात्रीचा आसरा, वैरण आणि पाणी कोठें मिळावयाचें?

मोठें चौकोनी अंगण, चोहोंकडून कमानींच्या ओवऱ्या, आणि लादलेला उंट आंत येईल एवढा दरवाजा, ही सराईची सामान्य ठेवण. आंत विहीर, बहुधा मशीद. स्वयंपाकपाणी व खाटांची व्यवस्था भटियारे पाहत. निकोलाओ मानुची या व्हेनिसच्या गृहस्थानें मोगल सराईंतील शिस्त तपशिलानें लिहून ठेविली आहे. सायंकाळीं दरवाजा बंद होई. पहांटे तो उघडण्यापूर्वीं रखवालदार तीन वेळां ओरडून सांगे कीं, ज्यानें त्यानें आपली चीजवस्त तपासून घ्यावी. कोणाचें कांहीं गेलें असेल तर तें सांपडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. शेंकडों अनोळखी माणसें एका अंगणांत निश्चिंत निजत, तीं या एका नियमाच्या भरंवशावर. बर्नियरला मात्र सराया मुळींच आवडल्या नाहींत. माणसें, घोडे, खेचरें व उंट यांची एकच दाटी. उन्हाळ्यांत जीव गुदमरतो, आणि हिंवाळ्यांत जनावरांच्या श्वासानेंच काय ती ऊब, अशी त्याची तक्रार. त्यानेंही दिल्लींतील जहानआरा बेगमेच्या सराईची स्तुतीच केली आहे, हें सांगावयास हवें.

हीच संस्था पार भूमध्य समुद्रापर्यंत पसरली होती. अक्का या प्राचीन बंदरांत जज्जार पाशानें १७८४ सालीं बांधलेली ‘खान अल्-उमदान’, म्हणजे खांबांची सराई, अजून उभी आहे. तिचे ग्रॅनाइटचे खांब कैसरियाच्या अवशेषांतून आणिले. खालीं माल व जनावरें, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. तेथें गलबतांचा माल उतरे, येथें बैलांचा, हिशेब तोच.

फर्दापूरच्या बाबतींत एक गोष्ट विचार करावयास लावते. अजिंठ्याचीं लेणीं येथून अवघ्या पांच-सहा किलोमीटरांवर. शतकानुशतकें तांडे, फौजा व सुभेदार याच वाटेनें गेले. आसपासच्या लोकांना लेणीं ठाऊक होतीं. तरी त्यांची कीर्ति जगभर पसरली ती १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादानें तेथें पोंचल्यावर. याचें कारण बहुधा सराईंतच आहे. तिचा दरवाजा उघडला कीं तांडा एकत्र निघावयाचा, एकत्र घाट चढावयाचा. वाघुर नदीच्या ओघळींत एकट्यानें शिरण्याची सवड किंवा छाती कोणास असणार? वाट राखणाऱ्या संस्थेनें वाटसरूस वाटेवरच राखलें.

पुढें १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी खानदेशांतून भुसावळकडे गेली, आणि १९०० सालीं मनमाडवरून औरंगाबादेस आली. घाट दोन्ही लोहमार्गांच्या बाहेर राहिला आणि तांडे थांबले. फर्दापुरास मुक्काम करणारे उरले ते लेण्यांचे अभ्यासक. १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम चित्रांच्या नकला करावयास आल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. त्यांचा तळ फर्दापुरासच पडला होता. रोज सकाळीं हीं मंडळी येथून निघत आणि मोगल तांड्यांनीं जी वांकडी वाट कधीं धरली नाहीं, तीच धरून लेण्यांकडे जात.