उसातला बिबट्या आणि पदवीनंतरची शाळा

लेण्याद्रीला आपण जातो ते बहुतेक वेळा अष्टविनायकातला एक गणपती 'करायला'. पावणेतीनशेच्या वर पायऱ्या, वाटेत माकडं, सातव्या लेण्यात गिरिजात्मज, आणि मग खाली उतरून लगेच ओझरची वाट. पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर पाच मिनिटं वरच थांबा आणि खाली बघा. समोर कुकडीचं खोरं, पलीकडे शिवनेरी आणि मधे नुसता हिरवा रंग. ऊस, द्राक्षं, कांदा, भाजीपाला. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी (येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे) या भागात पाणी खेळवलं, साखर कारखाना आला, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला.

राहायला म्हणजे अगदी कुटुंबकबिल्यासकट. उसात लपायला जागा आहे, पाणी आहे, कित्येक महिने आत कुणी फिरकत नाही, आणि वस्तीवर कुत्री-शेळ्या आहेतच. कित्येक पिल्लं जन्मतात तीच उसात. त्यांनी जंगल पाहिलेलंच नसतं.

आता प्रश्न असा, की हा बिबट्या विहिरीत पडला, पिंजऱ्यात दात मोडून बसला किंवा रस्त्यावर गाडीखाली आला, तर त्याचा डॉक्टर कोण? उत्तर सोपं आहे, गुरांचा डॉक्टर. आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याभोवती फिरते. तालुक्याच्या दवाखान्यातलं रोजचं काम म्हणजे लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, अडलेली म्हैस आणि कृत्रिम रेतन. मग उसातल्या बिबट्याला किती औषध टोचायचं हे तो कुठे शिकला?

आपल्या धंद्यात हे नवीन नाही. कॉलेजात शिकलेली भाषा पहिल्या नोकरीतच मोडीत निघते, मग आपण एकमेकांना विचारून, दुसऱ्याने सोडवलेले प्रॉब्लेम वाचून शिकतो. पण आपला प्रोग्रॅम क्रॅश झाला तर फार तर शनिवार जातो :) यांचा पेशंट मध्येच जागा झाला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

नमनाला घडाभर तेल पुरे. जरा मागे जाऊ.

एका व्यवसायातल्या माणसांनी एकत्र येणं ही गोष्ट जुन्नरला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. इथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत व्यावसायिकांच्या 'श्रेणी' भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेवून त्याच्या उत्पन्नातून दान चालवल्याचाही आहे. थोडं पश्चिमेला, नाणेघाटातल्या सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे, तीत हजारांनी गायी, शिवाय घोडे आणि हत्ती. त्याआधी अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा, दोन्हींची सोय केल्याचं कोरून ठेवलंय. म्हणजे जनावरं होती, वैद्य होते, श्रेणीही होत्या. पण पशुवैद्यांची श्रेणी मात्र मला या लेखांत सापडली नाही.

ती आपल्याकडे आधुनिक रूपात उभी राहिली १८८० च्या दशकात, मुंबईत. परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पेटिट जनावरांचं इस्पितळ निघालं आणि त्याला जोडून १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील, लष्करातले पशुवैद्य. त्या काळचे पशुवैद्य म्हणजे शेकडो मैल दूरच्या छावण्यांत एकेकटे पडलेले. एकाने काही नवं पाहिलं तर दुसऱ्याला कळणार कसं? म्हणून स्टील यांनी कॉलेजच्या आधीच भारतातल्या पशुवैद्यांसाठी इंग्रजी त्रैमासिक काढलं. पदवीनंतरची शाळा पोस्टाने घरी येत होती म्हणा ना.

असल्या देवाणघेवाणीने काय होतं याचं उदाहरण म्हणजे सर्रा. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने सर्रा झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा जंतू पाहिला. हाच रोगाचं कारण आहे असं त्याने सांगितलं, पण वरिष्ठांना ते पटलं नाही. पाचेक वर्षांनी स्टील ब्रह्मदेशात खेचरांच्या साथीचा तपास करत होते, त्यांना तोच जंतू दिसला. त्यांनी त्याला इव्हान्सचं नाव दिलं, मात्र त्याचा गट ओळखताना ते चुकले. नंतरच्या लोकांनी गट दुरुस्त केला, नाव ठेवलं. आज तो 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' आहे. पहिल्याने पाहिलं, दुसऱ्याने दुजोरा दिला, तिसऱ्याने दुरुस्ती केली. हे शक्य झालं, कारण पहिल्याने लिहून ठेवलं होतं.

पुण्याचाही इथे मानाचा पाट आहे. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी सुरू झाली ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या सीओईपीत! १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली. बुळकांड्यासारख्या रोगाचे जंतू हाताळायला गावांपासून दूरची जागा बरी. आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था ती हीच. बुळकांड्याने त्या काळी गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. पुढे लस निघाली, गावोगावच्या पशुवैद्यांनी ती टोचली, भारतात शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २०११ मध्ये बुळकांड्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. आपल्यातल्या किती जणांनी हे ऐकलं होतं?

पण बुळकांड्याचं एक बरं होतं. रोग एक, लस एक, आणि ती सगळीकडे सारखी. जुन्नरला २००१ मध्ये जे आलं त्याचं पुस्तकच नव्हतं.

झालं असं. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. तेव्हाचा उपाय सगळ्यांना पटेल असाच होता. गावाजवळ दिसलेला बिबट्या पकडायचा आणि दूर जंगलात सोडायचा. त्याला त्याचं घर मिळालं, गावाला शांतता मिळाली. फेब्रुवारी २००१ पासून इथल्या जंगलांत दुसरीकडे पकडलेले २९ बिबटे आणून सोडले गेले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी झाली सतरा! आणि हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. आकडे सोडा, यातले कित्येक बळी लहान मुलं होती, हे लक्षात ठेवा.

दूर सोडलेल्या बिबट्यामुळे हल्ले वाढतात, हे आज आपल्याला माहीत आहे. अनोळखी मुलूख, पकडण्याचा ताण, माणसाशी जबरदस्तीने आलेला संबंध, आणि मूळ घराकडे परतायची ओढ. तेव्हा मात्र हे सिद्ध करायला साधी गोष्टच हाताशी नव्हती. आज पिंजऱ्यात आलेला बिबट्या गेल्या महिन्यात सोडलेलाच आहे की दुसरा? आपल्या भाषेत, टेबलला प्रायमरी कीच नव्हती. नोंदी होत्या, पण 'एक नर, प्रौढ' एवढ्यावरून दोन नोंदी जुळवणार कशा?

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरमध्ये अभ्यास सुरू केला, त्यात डॉ. अनिरुद्ध बेलसरे हे पशुवैद्य होते. पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली, शेपटीच्या मुळाशी एक मायक्रोचिप बसवायची. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बॅटरी नसते. रीडर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते, बस्स. त्यात ना जीपीएस, ना नकाशा. म्हणजे चिप ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातला, कदाचित दहा वर्षांनंतरचा, कुणीतरी पशुवैद्य, जो रीडर फिरवेल आणि तो नंबर कुणाला कळवायचा हे ज्याला ठाऊक असेल. तो नसेल तर चिप म्हणजे कातडीखालचा खडाच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जुन्नरच्या शेजारचं आहे. एप्रिल २००९ च्या अखेरीस टाकळी ढोकेश्वरला एक वयस्कर नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून जीपीएस कॉलर आणि चिप लावून माळशेज घाटात सोडलं. हा गडी महिन्याभरात सव्वाशे किलोमीटर चालत, रेल्वे आणि हमरस्ते ओलांडत, वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला पोचला. वाटेत कुणाला धक्का लावला नाही. तोच 'आजोबा', २०१४ चा मराठी सिनेमा त्याच्यावरच आहे. कॉलर काही काळाने बंद पडली. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर भागात गाडीच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबा आहे हे कळलं ते चिपमुळे, कारण तिथे कुणीतरी रीडर फिरवला होता.

जुन्नरमध्ये जे शिकलं गेलं ते कागदावर आलं. २००४ मध्ये वनखात्यासाठी अहवाल, २००७ मध्ये अत्रेय-बेलसरे यांची बिबट-मानव संघर्ष हाताळण्याची मार्गदर्शक पुस्तिका, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांत सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला नकार दिला गेला. लेण्याद्रीहून जवळच असलेल्या माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे, २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे काम पाहते. परत सोडता न येणारे बिबटे तिथे राहतात. इथल्या कामातून आलेलं ज्ञान कुठल्याही परीक्षेला विचारलं जात नाही. केटामिन आणि झायलाझिन यांची मात्रा वजनावर ठरते, पण वजन पिंजऱ्याबाहेरून डोळ्यांनी अंदाजायचं असतं. केटामिनखाली बिबट्याचे डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम घालून वर फडकं टाकायचं. उन्हात अंगाचा ताप चढतो, तो सारखा मोजायचा. विहिरीत आधी बसायला बाज सोडायची, मग पिंजरा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बघ्यांची गर्दी आवरायची.

ऊसतोडीत सापडलेल्या पिल्लांचंही तसंच. पूर्वी लोक दया येऊन ती उचलून आणत. आई मागे राहून सैरभैर व्हायची, आणि पिल्लं जन्मभर पिंजऱ्यात. आता डॉक्टर पिल्लू तपासतात, चिप बसवतात आणि संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवून बाजूला होतात. रात्री आई येते, तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नरच्या उसात हे पुन्हा पुन्हा घडलंय.

पदवी शिळी होते याचं दुसरं उदाहरण गिधाडांचं. गुरांचा ताप आणि सूज उतरवायला डायक्लोफिनॅक हे स्वस्त, गुणकारी औषध. गाय बरी व्हायची. पण औषध घेतलेली गाय मेली आणि गिधाडाने खाल्ली, तर त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या अभ्यासातून २००४ मध्ये समोर आलं, २००६ पासून भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. १९९५ ला पास झालेल्या डॉक्टरला हे कॉलेजात कुणी शिकवलं असणार? त्याला ते नंतर कुणीतरी सांगावं लागलं. जिथे सांगायला कुणी पोचलं नाही तिथे जुनंच इंजेक्शन चालू राहिलं.

म्हणूनच मला वाटतं, पशुवैद्यांचं पदवीनंतरचं शिक्षण हा काही हौसेचा मामला नाही. १९८४ च्या कायद्याने त्यांची परिषद आली, नोंदणी आली. २००० मध्ये नागपूरला पशु आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं. २०२० च्या लॉकडाऊनपासून वेबिनार गावच्या डॉक्टरच्या मोबाईलवर आले. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा कितीतरी डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा तो पाहिला, आणि फोटो पाठवून एकमेकांना विचारत उपचार केले. हे चांगलंच आहे. पण फोनवरचा सल्ला फोनमध्येच राहतो. स्टील यांचं त्रैमासिक आज ग्रंथालयात सापडू शकतं. २०२२ च्या त्या फोटोंचं काय?

आणि जुन्नरचा प्रश्न संपलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच वनविभागात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्ध बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांचा संताप रस्त्यावर आला. त्यांना 'बिबट्यासोबत जगायला शिका' असं पुण्यातल्या एसी ऑफिसातून सांगणं फार सोपं आहे. मी ते सांगणार नाही. पकडा, हलवा, मारा, सगळ्या मागण्या पुन्हा झाल्या. मोजक्या बिबट्यांवर प्रजनन नियंत्रणाचा प्रयोग करायला केंद्राची मान्यता मिळाली.

हा प्रयोग करायचा कुणी? पुन्हा पशुवैद्यांनीच. कुठल्या मादीला काय दिलं, कधी दिलं, पुढच्या वर्षी तिच्याबरोबर पिल्लं होती का, ती माणसांजवळ जास्त फिरकली का. हे चिपच्या नंबरासकट नीट लिहिलं गेलं आणि शेजारच्या अकोल्याच्या, संगमनेरच्या डॉक्टरला वाचायला मिळालं, तर प्रयोग फसला तरी उपयोगी. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करेल, आणि त्याची किंमत उसाच्या कडेला राहणारं एखादं घर मोजेल.

असो. बराच लांबला लेख. तुमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांकडे असे न लिहिलेले किस्से असतील, तर एखाद्या रविवारी बसून ते उतरवून घ्या.

भेटू पुढच्या शनिवारी.