प्रतिलोहचुंबकांचा पृष्ठभाग

निकेल ऑक्साइडचा स्फटिक टाचणी ओढून घेत नाही. तरीही त्यातील निकेलचा प्रत्येक अणू हा सूक्ष्म चुंबकच असतो. एका थरातील सर्व अणुचुंबकांची दिशा एक, तर लगतच्या थरातील नेमकी उलट असल्याने त्यांचा एकत्रित प्रभाव शून्य होतो. या गुणधर्मास प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर ही शिस्त मोडते. या सीमेला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांच्या नावावरून 'नेएल तापमान' म्हणतात. शुद्ध निकेल ऑक्साइड जवळजवळ विद्युतरोधक असते. त्यात लिथियम मिसळल्यास ते अर्धसंवाहक बनते.

स्फटिकाच्या आत निकेलच्या अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात, पृष्ठभागावर मात्र पाचच. निकेलच्या अणूंमधील चुंबकीय बंध प्रामुख्याने ऑक्सिजनमार्फत जुळत असल्याने पृष्ठभागावरील शिस्त आतल्यासारखीच राहील, असे गृहीत धरता येत नाही. स्फटिकाचा छेद कसा घेतला, हेही महत्त्वाचे ठरते. घनाच्या बाजूला समांतर छेद घेतल्यास पृष्ठभागावर परस्परविरुद्ध दिशांच्या रांगा आलटूनपालटून येतात. घनाच्या कर्णाला लंब छेद घेतल्यास तत्त्वतः सारे अणुचुंबक एकाच दिशेचे असतात. मात्र हा पृष्ठभाग विद्युतदृष्ट्या अस्थिर असल्याने त्याची रचना सहज बदलते.

न्यूट्रॉन पदार्थात खोलवर शिरत असल्याने त्यांच्याकडून मुख्यतः अंतर्भागाची माहिती मिळते. १९६८ मध्ये पामबर्ग व सहकाऱ्यांनी निकेल ऑक्साइडच्या पृष्ठभागावर मंदगती इलेक्ट्रॉनांचा मारा केला. तेव्हा केवळ चुंबकीय रचनेमुळे उमटणारे जादा ठिपके आढळले. २००७ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे कैसर, श्वार्झ व वीसेनडांगर यांनी लोहलेपित सूक्ष्म टोकाच्या साह्याने या रांगा अणूगणिक टिपल्या.

१९७० च्या नोबेल भाषणात नेएल यांना या पदार्थांचा व्यावहारिक उपयोग दिसत नव्हता. प्रत्यक्षात १९५६ मध्येच माइकलजॉन व बीन यांनी दाखवले होते, की कोबाल्टच्या कणांवरील कोबाल्ट ऑक्साइडचा थर आतील कोबाल्टच्या चुंबकत्वाला एका दिशेकडे झुकवून धरतो. याच तत्त्वावर हार्ड डिस्कच्या रीड हेडमधील एका चुंबकी थराची दिशा स्थिर ठेवली जाते. तेथे प्रतिलोहचुंबकी मिश्रधातू वापरतात. ही पकड निर्दोष पृष्ठभाग गृहीत धरून केलेल्या साध्या गणितापेक्षा कितीतरी कमी भरते. सीमेवरील मोजकेच अणू ती धरून ठेवतात. ते कोणते, हे छेद, खडबडीतपणा आणि स्फटिकातील दोष यांवर ठरते.